शेपटीचं अक्षर

कमरीपेठ, हुबळी
८ मार्च २०२५

ती. दुर्गव्वा अक्कास,
सिद्रामचा सविनय जयभीम.

पत्र बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण माझ्या हाती असं अचानक पत्र आलं असतं तर ते न उघडता मी तासभर तसाच बसलो असतो. उमेश बरा आहे, सूनबाई कविता बरी आहे, दोन्ही पोरं बरी आहेत. मी बरा नाही, पण ते नेहमीचंच.

फोन का केला नाही म्हणशील. अक्का, फोन ऐकतो. कविता एकदा नुसतं म्हणाली, "मिक्सर बिघडला वाटतं," आणि संध्याकाळी तिच्या फोनवर मिक्सरच मिक्सर. मला जे सांगायचंय ते असल्या यंत्रापुढे बोलता येत नाही. पत्र बरं. पत्र फार तर पोस्टमन वाचतो.

गोष्ट अशी. स्टील आल्यापासून कल्हईचं काम जवळजवळ संपलं, तरी परसात भट्टी आहे, आणि रविवारी दोन खाणावळींची भांडी येतात म्हणून पेटवतो. गेल्या रविवारी पोरं शेजारी बसली होती. पद्मा आता तेरा वर्षांची, सुरज दहाचा. सुरज भाता ओढत होता. ओढता ओढता त्याने दुधाच्या पातेल्याचं झाकण उचललं, साधं ॲल्युमिनियमचं, कानाला लावलं आणि म्हणाला, "अज्जा, याला तांबं व्हायचंय."

मी म्हटलं, "गप भाता ओढ."

पद्मा म्हणाली, "होऊ दे की, तुमचं काय जातंय?" तिने झाकण चिमट्यात धरलं, तापवलं, नवसागर टाकला, कापसाच्या बोळ्याने घासलं. पांढरा धूर झाला. धूर गेला आणि झाकण तांब्याचं.

रंग चढला म्हणशील. नाही. मी हातावर तोललं, बोटाने वाजवलं. पंचावन्न वर्षं भांडी हाताळतोय, डोळे मिटूनही मला धातू कळतो. ते तांबं होतं.

मला घाम फुटला. आपण विहारात जाणारी माणसं. चमत्कार, बुवा, भानामती यातलं आपल्यात काही मानत नाहीत. मी स्वतः विहारात उभा राहून त्यावर भाषण केलंय, दोन मिनिटांचं, तेही वाचून. आणि आता माझ्याच परसात हे. विहाराचा सेक्रेटरी प्रेमानंद याला कळलं तर तो सगळ्यांसमोर म्हणेल, "सिद्रामकाका बुवा झाले."

तिसऱ्या दिवशी झाकण परत ॲल्युमिनियम झालं. त्याचं बरं वाटलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून विचारतो. लहानपणी आपल्या दोघांच्या हातून असं काही झालं होतं का? मला एक पितळी तांब्या आठवतो आणि मी रडलो ते आठवतं. मधलं आठवत नाही. अप्पांनी काही लिहून ठेवलं होतं का?

घाई नाही. पण लवकर लिही.

तुझा,
सिद्राम


होन्नापूर, अळणावरजवळ
१५ मार्च

चि. सिद्राम,
जयभीम.

एकोणीस वर्षांनी तुझं पत्र आलं. पोस्टमन दारातून हलेना, त्यालाही बघायचं होतं काय आहे. आणि आहे काय, तर दुधाच्या पातेल्याचं झाकण.

तम्मा, तुला मधलं आठवत नाही ते मी सांगते. मी नऊ वर्षांची, तू पाचचा. तू तांब्याला कान लावलास आणि म्हणालास, "अक्का, याला सोनं व्हायचंय." मी घासला. झाला. तू आत वाकून पाहिलंस, तुला तुझं तोंड पिवळं दिसलं, आणि "मला कावीळ झाली" म्हणत तू संध्याकाळपर्यंत रडलास. अप्पांना तुला वैद्याकडे न्यावं लागलं. तेव्हापासून तू जो घाबरतोयस तो घाबरतोच आहेस.

तो तांब्या माझं लग्न होईपर्यंत तसाच राहिला. आईने त्याला वरून काजळी फासून फडताळात ठेवला होता. मी सासरी गेले आणि महिन्याच्या आत त्याचं परत पितळ झालं, असं तिनेच मला कळवलं. याचा विचार कर. जमलं तर.

अप्पांची वही तुझ्याच घरात आहे, नवसागराच्या लाकडी पेटीखाली. कन्नडात आहे. तू चौथीपर्यंत शिकलास आणि मी सातवी पास झाले, तरी वही मुलाला मिळाली.

पोरांना भिऊ नकोस आणि भिववूही नकोस. एकाचा कान आणि एकाचा हात, असं दोघं भावंडं एका घरात जन्माला येणं हे चांगलंच आहे. त्यात बुवाबाजी कुठे आली? बुवा दक्षिणा मागतो. ही पोरं काय मागतात?

आता तू विषय काढणार नाहीस म्हणून मी काढते. उमेशच्या लग्नाला मी आले होते. सकाळी दहापासून चारपर्यंत स्टँडवर बसले, मांडीवर गुळाची ढेप घेऊन. घर मला माहीत होतं. पण माहेरच्या लग्नाला आलेली बाई न्यायला कोणी आल्याशिवाय आपण होऊन चालत जात नाही, हे तुलाही माहीत होतं. तू आला नाहीस. चारच्या गाडीने मी परत फिरले. ढेपेला मुंग्या लागल्या होत्या.

तुझी अक्का,
दुर्गव्वा


कमरीपेठ, हुबळी
२५ मार्च

ती. अक्कास,
सविनय जयभीम.

तुझं पत्र आलं, वाचलं, दोनदा वाचलं, मग गादीखाली ठेवलं, मग कविता गादी झटकेल म्हणून पिठाच्या डब्यामागे ठेवलं.

वही सापडली. अप्पांचं अक्षर बारीक, आणि माझं कन्नड बसच्या पाट्यांपुरतं. एकेक अक्षर बोटाने धरून वाचतो. पोरांना दाखवत नाही. दाखवली तर उद्या शाळेत, परवा सगळ्या हुबळीत. शेवटच्या पानावर एक ओळ मोठ्या अक्षरात आहे, ती मला लागली. "कोनेगे तवर बेकु." म्हणजे शेवटी कथील पाहिजे. आपल्या धंद्याला हे वेगळं सांगायला नको, कल्हई म्हणजे कथीलच. पण अप्पांनी मुद्दाम लिहिलंय म्हणजे जास्त पाहिजे असणार. तुझा तांब्या तुझ्या लग्नानंतर उतरला, त्याचंही कारण तेच असावं. त्या वर्षापासून चांगलं कथील मिळेनासं झालं होतं.

तेव्हा मी कथील वाढवत चाललोय. टिकत मात्र काही नाही. सगळं तिसऱ्या दिवशी मूळ पदावर.

पोरांचं विचारशील तर रविवारची वाट बघत नाहीत आता. शाळेतून आली की दप्तरं फेकून परसात. एकट्याने काही होत नाही, हेही कळलं. सुरज एकटाच घासायला बसला तर नुसता काळा होतो. पद्माला एकटीला भांडं काय म्हणतं ते ऐकू येत नाही. दोघं मिळून लागतात. लोखंडी डाव चांदीचा झाला, आणि कविताने त्यानेच आमटी वाढली. "मामा, हा डाव कुठला?" म्हणाली. मी म्हटलं, "जुनाच." तीन दिवस मला आमटी गिळेना. उंदरांचा पिंजरा पितळेचा झाला. इतका चकचकीत, की उंदीर आत जात नाहीत, बाहेर बसून बघतात.

मी ओरडलो तर सुरज म्हणतो, "अज्जा, सुम्म कुंद्रि." म्हणजे मीच गप्प बसायचं!

आता खरी काळजी. प्रेमानंद विहारातली मोठी हंडी कल्हईला ठेवून गेलाय. वैशाख पौर्णिमा बारा मेला आहे, चारशे माणसांची खीर त्याच हंडीत होते. "सिद्रामकाका, कल्हई तुमच्याच हातची पाहिजे," म्हणाला. मी ठरवलंय, या हंडीला पोरांचा हात लागू देणार नाही.

स्टँडचं म्हणशील तर मीही उभा होतो. जास्त लिहीत नाही, पत्राचं वजन वाढतं.

तुझा,
सिद्राम


होन्नापूर
३ एप्रिल

चि. सिद्राम,
जयभीम.

हात लागू देणार नाही असं तू ठरवलंयस म्हणजे लागणारच.

ती हंडी मला माहीत आहे. विहार उभा राहिला त्या वर्षी घेतली. पहिली कल्हई अप्पांनी केली आणि आतून बोळा मी फिरवला, कारण अप्पांचा हात तळाला पोचेना. मला कमरेला धरून त्यांनी आत सोडलं होतं. बाहेर आले तेव्हा माझ्या नाकाच्या शेंड्यालासुद्धा कल्हई.

पिंजऱ्याचं वाचून मी एकटीच हसले. नात मीनाक्षी विचारायला लागली, "अज्जी, काय झालं?" म्हटलं, हुबळीच्या उंदरांची बातमी आहे.

तू उभा होतास म्हणे. कुठे? त्या स्टँडवर एक ऊसवाला होता, दोन कुत्री होती, आणि मी होते. तू असतास तर मला दिसला असतास. मी आंधळी नव्हते, आता थोडी आहे.

कथील वाढवू नकोस. कथलाने काही होत नाही.

दुर्गव्वा


कमरीपेठ, हुबळी
१७ एप्रिल

ती. अक्कास,
सविनय जयभीम.

झालं. ज्याची भीती होती तेच झालं.

आधी चांगली बातमी लिहितो म्हणजे तुला एकदम धक्का बसणार नाही. पद्माला धारवाडच्या एका मोठ्या शाळेत जागा मिळाली. केलगेरीच्या बाजूला आहे, राहायची सोय तिथेच, जूनपासून. परीक्षा देऊन मिळवली. उमेशने गल्लीत पेढे वाटले.

सुरजने पेढा घेतला नाही. सगळे लॅमिंग्टन रोडला तिची ट्रंक आणायला गेले तेव्हा हाही गेला, आणि येताना आपल्यावरच ट्रंक पडल्यासारखं तोंड करून आला. मी समजावलं, "अरे, धारवाड म्हणजे किती लांब? बस सुटते न सुटते तोवर आलं." तर म्हणतो, "मग तुम्ही का जात नाही तिथे राहायला?"

रविवारी हंडी कल्हईला काढली. मला एकट्याला उचलेना. हात थरथरतात हल्ली, हे कोणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगतो. पोरं धावली. मी म्हटलं, फक्त धरा. पण भाता सुरजने घेतला आणि बोळा पद्माने, आणि माझं कोण ऐकतं?

सुरजने हंडीला कान लावला. पद्माने विचारलं, "काय म्हणते?"

"म्हणते, तू जा धारवाडला."

"हंडी म्हणते की तू म्हणतोस?"

"दोघं म्हणतो."

"मग दोघं बसा बोलत!" म्हणून पद्माने बोळा तसाच आत आपटला. एवढा धूर उठला की शेजारचे खोकले. धूर गेला आणि अक्का, तांब्याची हंडी शिशाची झाली होती. राखाडी, मऊ. अंगठा दाबला तर खळगा पडला. तो खळगा माझाच आहे, बघवत नाही.

मी तीन दिवस वाट पाहिली. चौथा दिवसही गेला. ती उतरत नाही. आनंदाने केलेलं तिसऱ्या दिवशी जातं आणि रागाने केलेलं टिकतं, हे कुठलं शास्त्र?

शिशात खीर शिजवली तर ती विष होईल. चारशे माणसं, त्यात लहान पोरं. बारा मेला मी विहारात काय सांगू? खरं सांगितलं तर बुवा, खोटं सांगितलं तर चोर. प्रेमानंद काल विचारून गेला. मी हंडीवर गोधडी टाकून ठेवलीय आणि त्याला म्हणालो, कल्हई मुरतेय. कल्हई कधी मुरते का? तो बिचारा "बरं" म्हणून गेला.

पोरं एकमेकांशी बोलत नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तर माझ्यामार्फत मागतात.

कथील अर्धा किलो घातलं. नुसतं वाहून गेलं. म्हणून वहीतली ती ओळ सोबतच्या चिठ्ठीवर आहे तशी काढून पाठवतोय, अक्षर बघून अक्षर. मधल्या शब्दाच्या शेवटी, र ला उजव्या बाजूने एक शेपटी आहे. ती शाई सांडलेली असणार. बाकी सगळं बरोबर उतरवलंय. तू सातवी पास, तूच सांग, माझं काय चुकतंय?

तुझा,
सिद्राम


होन्नापूर
२४ एप्रिल

चि. सिद्राम,
जयभीम.

पद्माला माझा आशीर्वाद सांग. सुरजलाही सांग, त्याला जास्त लागेल.

माझं लग्न ठरलं तेव्हा तूही असाच होतास. पंधरा वर्षांचा घोडा, आणि वरातीच्या दिवशी कोळशाच्या खोलीत लपून बसलेला. मी हाका मारून दमले. निघताना दाराच्या फटीतून तुला म्हटलं, "तम्मा, येईन की रे." तू आतून म्हणालास, "नको येऊस." बाहेर आलास तेव्हा इतका काळा, की नवऱ्याकडच्यांनी विचारलं हा कोण?

त्या दिवशी अप्पांनी कल्हईला घेतलेलं प्रत्येक भांडं काळं पडलं. त्यांनी तुला एक शब्द बोलून दाखवला नाही. वहीत ती ओळ मात्र त्याच आठवड्यात लिहिली. मी पहिल्यांदा परत आले तेव्हा मला दाखवली होती. म्हणून मला ती पाठ आहे, तू उतरवून पाठवायची गरज नव्हती. तरी बरं केलंस. अप्पांचं अक्षर तुझ्या हातून का होईना, बघायला मिळालं.

ती शेपटी शाईचा डाग नाही. अप्पांनी आयुष्यात शाई सांडली नाही.

तो शब्द काय आहे ते मी लिहिणार नाही. मी लिहिलं तर मागितल्यासारखं होईल. घरात कन्नड वाचणारी दोन पोरं आहेत आणि तू वही त्यांच्यापासून लपवतोस. दाखव त्यांना.

स्टँडबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. होसूरच्या नव्या स्टँडवर, तिकीट खिडकीसमोरच्या बाकावर मी बसले होते. पुन्हा खोटं लिहायच्या आधी जागा माहीत असू दे, म्हणून सांगते.

दुर्गव्वा


कमरीपेठ, हुबळी
१ मे

ती. अक्कास,
सविनय जयभीम.

तुझं पत्र हातात घेऊन मी खाली बसलो. कविता पाणी घेऊन आली. तिला वाटलं कोणी गेलं.

आधी वहीचं. मी पोरांना दाखवली. दोघांच्या मधोमध मांडीवर धरली, कारण शेजारी बसायला तयार नव्हती. मी म्हटलं, "वाचा. कोनेगे तवर बेकु. शेवटी कथील पाहिजे."

पद्मा म्हणाली, "अज्जा, हे तवर नाही. शेपटी आहे ना, तवरु आहे. तवर म्हणजे कथील. तवरु म्हणजे माहेर."

मला कळेचना. मी म्हटलं, "माहेर भट्टीत कसं घालायचं?"

सुरज दोन आठवडे हसला नव्हता. तो फुटला. "माहेराच्या जागी अज्जानी अर्धा किलो कथील घातलं!" पद्माने तोंडावर ओढणी दाबली, पण तिलाही आवरेना. दोघं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. मीठ माझ्यामार्फत मागणारी पोरं, आणि माझ्यावरच हसायला एकत्र. हसा म्हटलं.

हसणं संपल्यावर सुरजने विचारलं, "मग तू धारवाडला गेलीस की हे घर तुझं तवरु होणार?"

"ते लग्नानंतर होतं, वेड्या."

"आधीच झालं तर?"

"तर दर शनिवारी येईन. न्यायला येशील ना स्टँडवर?"

"येतो की," म्हणाला, आणि उठून भाता ओढायला बसला. कोणी सांगितलं नव्हतं. पद्माने बोळा घेतला. अक्का, हंडी परत तांब्याची झाली, माझ्या अंगठ्याचा खळगाही भरून आला. आत कल्हई अशी, की वाकून पाहिलं तर मिशीतला केस न् केस दिसावा. पण संध्याकाळी ती मंदावली आणि सकाळी परत राखाडी. रोज हेच चाललंय. राग गेला, पण टिकत नाही. टिकायला काय पाहिजे ते अप्पांनी लिहून ठेवलंय, ते पन्नास वर्षं माझ्याच घरात पडून होतं, आणि मी डाग समजत होतो.

आता स्टँडचं.

मी जुन्या स्टँडवर उभा होतो. तुझी गाडी नव्या स्टँडला लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्यासाठी स्टँड म्हणजे जुना स्टँड. तुला पत्रातसुद्धा नुसतं "स्टँडवर येतो" लिहिलं होतं. सकाळी नऊला गेलो. प्रत्येक गाडीच्या खिडकीत बघत होतो. अकराला लग्न लागायचं होतं. माणसं बोलवायला आली, मी म्हटलं अक्का आल्याशिवाय येत नाही. उमेशला हार पडले तेव्हा मी तिथे नव्हतो. अल्बम बघ, हारांच्या फोटोत सगळे आहेत, बाप नाही. तू आली नाहीस असं मी धरून चाललो. "नको येऊस" म्हटलेलं तू लक्षात ठेवलंस, असं मला वाटलं. म्हणून कधी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तू "हो" म्हणाली असतीस तर?

आता ये. दहा मेला शनिवार आहे. हंडीसाठी बोलावतोय असं तुला वाटेल. हंडी नसती तर बोलावलं असतं का, असंही विचारशील. खरं सांगतो, नसतं बोलावलं. धीर झाला नसता. पण हंडी विहारात परत गेल्यावरही तू इथे राहावीस, चार दिवस, आठ दिवस, असं मला वाटतं. त्याला हंडी लागत नाही.

आली नाहीस तर प्रेमानंदला सगळं खरं सांगेन. दहा वेळा घोकून ठेवलंय.

कुठल्या स्टँडवर उतरशील ते मात्र कळव. नाव, फलाट, सगळं.

तुझा तम्मा,
सिद्राम


होन्नापूर
६ मे

चि. तम्मास,
जयभीम.

मीनाक्षीने उमेशकडून अल्बमचे फोटो फोनवर मागवले. हारांचा फोटो मी चष्मा लावून पाहिला, मग मीनाक्षीकडून मोठा करून पाहिला. कविताचे वडील आहेत, फोटोवाल्याची पिशवी आहे, कोणाचा तरी अर्धा कान आहे. तू नाहीस.

त्या दिवशी सहा तासांत मी ऊसवाल्याला एकदाही विचारलं नाही, "बाबा, जुना स्टँड अजून चालू आहे का?" मला वाटलं, मी बसलेय तोच स्टँड. तुझ्यावर गेले बघ मी.

शनिवारी येते. गूळ माझा. न्यायला कोणी यायचं नाही, मी घर विसरलेली नाही. कुठे उतरणार तेही कळवत नाही. कळवलं तर तू शुक्रवारपासूनच जाऊन उभा राहशील.

दुर्गव्वा


(दाराला चिकटवलेला कागद)

शनिवार, १० मे, सकाळी ८

अक्का, तू हे वाचत असशील तर आमचं परत चुकलं.

न्यायला यायचं नाही असं तू लिहिलंस, पण मला बसवेना. पद्मा आणि कविता होसूरच्या नव्या स्टँडवर आहेत. सुरज आणि उमेश जुन्या स्टँडवर. मी रेल्वे स्टेशनवर, तू गाडीने आलीस तर. आता कुठूनही आलीस तरी सापडशील.

तरीही सापडली नाहीस तर जाऊ नकोस. किल्ली नवसागराच्या पेटीत, पेटी आज परसात ठेवलीय. पाणी माठात. शेजारचं कुत्रं भुंकतं, चावत नाही. एकदाच चावलं होतं. हंडी परसात गोधडीखाली आहे, काल संध्याकाळी पोरांनी केली, आता राखाडी झाली असेल. तिच्याकडे बघून मन खट्टू करू नकोस.

जाऊ मात्र नकोस.

सिद्राम


(त्याच कागदाच्या मागे)

दुपारी २

तम्मा,

गावातला एक टेंपो गूळ घेऊन हुबळीला येत होता. त्यात ढेपांवर बसून आले, थेट तुझ्या दारात. हुबळीत गुळाचा टेंपो थांबतो ती एक जागा तू सोडलीस.

न्यायला कोणी नव्हतं. मी आपण होऊन आत आले. काही झालं नाही, उंबरठा तेवढाच उंच आहे, गुडघे तेवढे जुने झालेत.

परसात जाऊन गोधडी काढली. हंडी राखाडी होऊन बसली होती, कोळशाच्या खोलीतून बाहेर आलेल्या तुझ्यासारखी. मी तिला हात लावला नाही. मंत्रबिंत्र काही म्हटला नाही, प्रेमानंदने विचारलं तर शपथेवर सांगेन. भट्टीशेजारच्या पायरीवर बसले, चपला काढल्या, आणि एवढंच बोलले, "आले ग बाई."

आधी काठ लाल झाला. मग तांबं खाली उतरत गेलं, सावकाश, घाई नसल्यासारखं. मग आतून पांढरं. वाकून पाहिलं तर एक म्हातारी दिसली, नाकाच्या शेंड्याला काही नव्हतं. अकरा वाजल्यापासून बघतेय. तीन तास झाले, उतरलेली नाही. उतरणार नाही. मी लगेच जात नाही, आणि गेले तरी आता येणं-जाणं राहील. पद्मालाही दर शनिवारी यायचंच आहे. या घराला दोन माहेरवाशिणी झाल्या.

खिरीचा गूळ फोडायचाय, बत्ता सापडत नाही. तूच कुठेतरी लपवला असणार. तुम्ही अजून तिकडेच उभे आहात. हे तुला घरी आल्यावरच वाचायला मिळणार, हे मला कळतं, तरी लिहिते. इतकी वर्षं लिहिलं नाही, त्याचं काय करायचं? आता कविताला फोन लावते. फोन ऐकत असेल तर ऐकू दे. त्यालाही कळू दे, दुर्गव्वा घरी आली.

आत येताना दाराकडे बघ. खडूने तो शब्द मोठा लिहून ठेवलाय, शेपटी पार कडीपर्यंत नेलीय. आता तिला डाग म्हणून पुसायला जाऊ नकोस.

अक्का